डावीकडची चावी फिरत नव्हती

आईचं घर रिकामं करायच्या दोन दिवसांत माझ्या भाचीने बेचाळीस फोटो काढले आणि त्यातला एकही आला नाही. रोल कॅमेऱ्यात होता. खटका दर वेळी वाजला होता, फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर दर वेळी ओढली गेली होती. फक्त फिल्म जागची हलली नव्हती. ते घर आता आमचं नाही, त्यामुळे ते फोटो पुन्हा काढायची सोयही उरलेली नाही.

हे कळल्यावर घरात जे बोलणं झालं ते ओळखीचंच होतं. आजकालच्या मुलांना साधा रोल घालता येत नाही, सगळं बोटाच्या टोकावर मिळतं ना, आमच्या वेळी दहा वर्षांची पोरं घालायची. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. भाची खाली मान घालून ऐकत राहिली. मी तेव्हा गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं मला नंतर फार लागलं. चूक नेमकी कुठे झाली हे शोधत गेलो तेव्हा दिसलं की तिच्या हातून जे निसटलं ते तिला कुणी दिलेलंच नव्हतं. देणारा मी होतो. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतोय.

कॅमेरा आणि मुलगी

कॅमेरा माझा. पूर्ण यांत्रिक, १९७० नंतरच्या दशकातल्या घडणीचा. त्यात एक बारीक सेल लागतो, पण तो फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यासाठी. सेल काढून ठेवला तरी एका सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सगळ्या वेगांवर शटर, म्हणजे फिल्मवर उजेड सोडायला उघडमीट करणारा पडदा, चालतं. फोकस हाताने, ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, तेही हाताने, फिल्म पुढे सरकवायची तीही हाताने. वीसेक वर्षं मी तो वापरला, मग डिजिटल आला आणि हा कपाटात गेला.

भाची एकोणीस वर्षांची. कॅमेरा हातात दिला तेव्हा ती कोरी पाटी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. ॲपर्चरचा आकडा वाढला की भोक लहान होतं, शटर आणि ॲपर्चर एकमेकांना कसे तोलून धरतात, आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन दाद देते त्याचा आकडा आणि ४०० आयएसओच्या फिल्मला १०० च्या फिल्मपेक्षा चौथा हिस्सा उजेड पुरतो, हे तिला नुसतं पाठ नव्हतं, समजलेलं होतं. भर उन्हात मीटर नसला तरी ॲपर्चर एफ १६ वर ठेवायचं आणि शटरचा आकडा फिल्मच्या आयएसओच्या जवळचा ठेवायचा, हा जुना नियम तिने मला ऐकवला, मी तिला नाही. तिच्या वयात मला यातलं निम्मंही इतकं नीट मांडता आलं नसतं.

रोल घालायचं तिने पुस्तिकेतल्या चित्रावरून शिकून घेतलं होतं. चित्रात डावीकडे रोलची डबी, फिल्मचं अरुंद कापलेलं टोक उजवीकडे नेलेलं आणि तिथल्या रिकाम्या रिळाच्या खाचेत सरकवलेलं. तिने अगदी तसंच केलं आणि झाकण लावलं. मी तेव्हा खोकी बांधत होतो. तिने विचारलं, "मामा, रोल घातलाय. एकदा बघतोस का?" माझे दोन्ही हात चिकटपट्टीत अडकलेले. मी मान वळवून पाहिलं. मागचं झाकण बंद होतं, कितवा फोटो ते दाखवणारा फ्रेमचा काटा १ वर होता. "बरोबर आहे," म्हणालो, "आता लिव्हर ओढायची आणि काढायचे फोटो."

या प्रकरणात मला सगळ्यात जड जाणारं वाक्य हेच आहे.

दोन दिवस तिने मन लावून काम केलं. फोन मुद्दाम पिशवीत ठेवून दिला होता, कारण फोनवर शेकड्यांनी फोटो निघतात आणि नंतर ते कुणी उघडत नाही, असं तिचं म्हणणं. मी तिला जिन्यावर बसून पायऱ्यांवर पडणारा उजेड सरकायची वाट बघताना पाहिलं. भिंतीवरून तसबिरी काढल्यावर मागे राहिलेले फिकट चौकोन तिने टिपले. आईचा हात दाराच्या कडीवर असताना एक काढला, तोही फोकस तीनदा बघून. छत्तीसचा रोल, म्हणून एकेक फोटो विचार करून.

बेचाळीस

फ्रेमचा काटा छत्तीसच्या पुढे गेला आणि थांबला, पण लिव्हर ओढली जातच होती. तिला वाटलं, रोलमध्ये थोडी जास्तीची फिल्म भरलेली असेल. तिने आणखी काढले आणि वहीत नोंद ठेवली: बेचाळीस. रोल बाहेर काढायचं काम मी करणार असं ठरलं होतं. आमची गाठ पडली अकराव्या दिवशी.

"बेचाळीस निघाले मामा," ती आनंदाने म्हणाली, आणि माझ्या पोटात गोळा आला. ज्याने कधी असा कॅमेरा वापरलाय त्याला हे लगेच कळेल. छत्तीसच्या रोलवर सदतीस निघतात, नशीब असलं तर अडतीस. फिल्मचं दुसरं टोक डबीतल्या दांडीला पक्कं चिकटवलेलं असतं, त्यामुळे फिल्म संपली की लिव्हर मधेच घट्ट होते, पुढे जात नाही. बेचाळिसाव्यालाही लिव्हर मऊ लागत असेल तर तिच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

मी कॅमेरा हातात घेतला आणि लिव्हर एकदा ओढली. ओढताना नजर उजवीकडे नाही, डावीकडे ठेवली. कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाला, वरच्या बाजूला, फिल्म परत डबीत गुंडाळायची छोटी चावी असते. ती डबीतल्या दांडीला जोडलेली असते. फिल्म पुढे सरकत असेल तर डबीतून फिल्म निघते, दांडी फिरते आणि तिच्यासोबत ही चावी आपोआप उलटी फिरते. बाहेरून दिसणारी ती एकच खूण की आत काहीतरी चाललंय. चावी हलली नाही. पुन्हा ओढली. नाही हलली.

मग झाकण उघडलं, तिच्यासमोरच, दिवसाच्या उजेडात, कारण आता झाकायला काही नव्हतं. फिल्मचं टोक खाचेतून सुटून बाहेर आलेलं होतं, बारीकसं वाकलेलं. रीळ बेचाळीस वेळा रिकामं फिरलं होतं.

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने बाहेर आलेला फिल्मचा तो इंचभर तुकडा बघत तिने विचारलं, "मग काटा कशाला पुढे जात होता?"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. काटा फिल्म मोजत नाही, लिव्हर मोजतो. रिकाम्या कॅमेऱ्यातही तो एक, दोन, तीन करत पुढे जातो. मला हे माहीत होतं, पण माहीत आहे हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी काट्यावर कधी भरवसा ठेवला नाही आणि का ठेवत नाही हे कुणाला सांगायची वेळही आली नाही. तिने मात्र कॅमेऱ्यावरचा एकमेव आकडा खरा धरला. एखाद्या यंत्राने आकडा दाखवला तर तो कशाचा तरी असणार, असं मानण्यात चूक काय?

रोल घालायची पुरती रीत अशी: झाकण उघडून, टोक खाचेत घालून, झाकण न लावताच एकदा लिव्हर ओढायची. फिल्मच्या दोन्ही कडांची भोकं दात्यांच्या चाकावर बसली का ते बघायचं. मग झाकण लावायचं, चावी हलक्या हाताने फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढायचा, आणि पुढच्या दोन ओढींना चावी फिरते का बघायचं. मी हे हजारदा केलंय. चित्रात यातलं फक्त पहिलं पाऊल होतं, आणि चित्र बघून शिकणारीला बाकीची पावलं आहेत हे कळायला काही मार्ग नव्हता.

दुसरा रोल

पंधरवड्याने तिने दुसरा रोल घातला. या वेळी मी शेजारी बसलो. चावी फिरताना दोघांनी पाहिली. आई नव्या जागेत सामान लावत होती, तिचे फोटो काढायचे ठरले. सगळं ठीक चाललं. आणि सदतिसाव्याला लिव्हर अर्ध्यात अडकली.

तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मागच्या वेळी लिव्हर शेवटपर्यंत मऊ होती आणि तेव्हा सगळं बिघडलं होतं. या वेळी ती अडकली. अडकणं म्हणजे बिघाड, हा सगळ्यांचा रोजचा अनुभव. तिने थोडा जोर लावला, काही होईना, म्हणून आत काय अडकलंय ते बघायला झाकण उघडलं. लगेच लक्षात आलं आणि तिने ते मिटलं. सेकंद-दोन सेकंद गेले असतील, पण उजेडाला तेवढेही पुष्कळ होतात.

रोल धुऊन आला तेव्हा पहिल्या चौदा फ्रेम स्वच्छ होत्या. पुढच्या सहांच्या कडांना नारिंगी-लाल जळाल्यासारखे पट्टे, भोकांच्या बाजूने आत शिरलेले. त्यानंतरची निगेटिव्ह काळी ठिक्कर. फिल्म रिळावर गुंडाळली जाते तेव्हा आधी काढलेल्या फ्रेम आत दडतात आणि शेवटच्या वर राहतात, म्हणून उजेड आधी शेवटच्या फोटोंना लागला. आईचे चष्मा पुसतानाचे, मग हसतानाचे, असे काही शेवटी काढले होते. ते गेले.

हे तिने दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. ताईचा फोन आला तेव्हा मला कळलं. मुलगी कॅमेरा परत करायचा म्हणतेय, तिच्या हाताला ते जमायचं नाही म्हणतेय, असं ताई सांगत होती. दोन रोल वाया गेले त्यापेक्षा हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

मी भेटायला गेलो. रागावण्यासारखं काहीच नव्हतं. मी एकच विचारलं, "रोल संपल्यावर तो कसा बाहेर काढायचा असं तुला वाटत होतं?" तिने उत्तर दिलं ते जवळजवळ शब्दशः असं: डावीकडची डबी रिकामी होत जाते, उजवीकडचं रीळ भरत जातं, सगळं उजवीकडे गेलं की भरलेलं रीळ काढून धुवायला द्यायचं.

हे उत्तर चुकीचं नाही. ते दुसऱ्या कॅमेऱ्याचं उत्तर आहे. १९०१ पासून चालत आलेल्या १२० नंबरच्या रुंद फिल्मला अगदी हेच करतात. तिच्या पाठीला काळा कागद असतो. फिल्म एका रिळावरून दुसऱ्यावर जाते, भरलेलं रीळ बाहेर काढायचं, रिकामं पहिल्याच्या जागी ठेवायचं, परत गुंडाळायचा प्रश्नच नाही. ३५ मिलिमीटरच्या डबीला मात्र पाठीचा कागद नाही. उजवीकडे गेलेली फिल्म उघडी असते, तिला झाकणाचाच काय तो आडोसा. म्हणून कॅमेऱ्याच्या तळाचं बटण दाबून दात्यांचं चाक मोकळं करायचं आणि डावीकडच्या चावीने सगळी फिल्म पुन्हा तिच्या डबीत न्यायची. १९३४ साली कोडॅक या फिल्म आणि कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीने ही डबी बाजारात आणली तेव्हापासून हे असंच आहे. पुढे मोटर लावलेल्या काही कॅमेऱ्यांत याच्या उलट करायचे. रोल घातला की आधी सगळी फिल्म बाहेर ओढून घ्यायची आणि एकेक फोटो काढला की तो डबीत परत न्यायचा, म्हणजे कुणी चुकून झाकण उघडलं तरी काढलेले फोटो वाचतात. कॅमेरे बनवणाऱ्यांनी एवढी उलटापालट केली, कारण झाकण उघडणारी माणसं तेव्हाही कमी नव्हती.

मी तिला तळाचं बटण दाखवलंच नव्हतं. रोल काढायचं काम माझं, या समजुतीत.

कुणाला काय येत नव्हतं

घरातल्या त्या बोलण्याकडे परत येतो. आमच्या वेळी पोरंसुद्धा रोल घालायची. मी माझं आठवून पाहिलं. माझा पहिला रोल मी घातला नव्हता. दुसराही नाही. माझ्या काकांनी घातला होता आणि मी त्यांच्या कोपराशी उभा राहून बघत होतो. तिसरा किंवा चौथा मी घातला तेव्हा त्यांचा हात माझ्या हातावर होता. चावीकडे बघ असं ते म्हणाले असतील, किंवा म्हणालेही नसतील. त्यांची नजर तिकडे गेली म्हणून माझीही गेली असेल. मला तो क्षण आठवत नाही. सवय तेवढी राहिली.

मायकेल पोलान्यी या विचारवंताने अशा ज्ञानाची विसाव्या शतकाच्या मध्यात नीट मांडणी केली: जे माणूस करतो पण सांगू शकत नाही, जे हातात असतं आणि शब्दांत नसतं. सायकल चालवणं हे त्याचं नेहमीचं उदाहरण. मला पूर्वी हे वाचून वाटायचं की अशी गोष्ट सांगताच येत नाही. या प्रकरणानंतर वाटतं की पुष्कळशी सांगता येते, पण सांगणाऱ्याला ती आपल्याजवळ आहे याचा पत्ता नसतो. विचारणारा चुकेपर्यंत तो लागत नाही.

आणि जुन्या पिढीला हे सगळं येत होतं, हेही तपासून बघण्यासारखं आहे. १९६३ साली कोडॅकने इन्स्टामॅटिक नावाचा कॅमेरा काढला. त्यात फिल्म प्लॅस्टिकच्या बंद काडतुसात असायची. काडतूस खाचेत बसवायचं आणि झाकण लावायचं, बस्स. टोक नाही, खाच नाही, परत गुंडाळणं नाही. पहिल्या सातेक वर्षांत असे पाच कोटींहून जास्त कॅमेरे बनले. रोल घालणं लोकांना जमत नव्हतं, फोटो फुकट जात होते, लोक कॅमेरा हातात घ्यायला कचरत होते, म्हणून तो काढला. त्या काळची हीच माणसं आज आजी-आजोबा आहेत. रोल न घालता येणं हा भाचीच्या पिढीचा दोष असेल तर तो तिच्या आजीच्या पिढीतही कोट्यवधी लोकांत होता. फरक इतकाच की त्यांच्यासाठी कुणीतरी वेगळा कॅमेरा बनवला आणि त्यांना कुणी हसलं नाही.

आणखी मागे गेलं तर १८८८ सालचा पहिला कोडॅक. शंभर फोटोंची फिल्म आत भरूनच मिळायचा. शंभर झाले की फिल्म काढायची नाही, अख्खा कॅमेराच कंपनीला पाठवायचा. तिकडून फोटो आणि नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत. त्याच्याआधीच्या फोटोग्राफरांना हे बघून काय वाटलं असेल? १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने जी ओल्या काचेची रीत दिली, तीत फोटोग्राफर स्वतः काचेवर द्रावण ओतायचा, चांदीच्या क्षारात बुडवायचा, ओली असतानाच फोटो काढायचा आणि वाळायच्या आत तिथल्या तिथे धुवायचा. हातात दहा-पंधरा मिनिटं. बाहेर जायचं तर अंधाराचा तंबू सोबत न्यायचा. मला यातलं काही येत नाही. रोल मी दुकानात धुवायला द्यायचो. निगेटिव्ह हातात यायची तेव्हा मधल्या तासांत काय घडलं ते मला ठाऊक नसायचं. त्या काचवाल्या माणसासमोर मी आणि माझी भाची एकाच पायरीवर उभे आहोत.

तिच्या वाट्याला मात्र एक गोष्ट जास्त अवघड आली, आणि ती सोडून देण्यासारखी नाही. तिच्या हातातली बाकीची यंत्रं बोलतात. डिजिटल कॅमेऱ्यात कार्ड नसेल तर तो तसं दाखवतो, कार्ड भरलं तर थांबतो, फोटो काळा आला तर त्याच क्षणी दिसतो. चूक आणि चुकीचा परिणाम यांच्यात सेकंदभराचं अंतर असतं, म्हणून माणूस चुकत चुकत एका दुपारीत शिकतो. या कॅमेऱ्यात रोल असो वा नसो, खटक्याचा आवाज एकच. चूक झाली शनिवारी आणि कळली अकरा दिवसांनी. इतक्या अंतराने कळलेल्या चुकीतून शिकायचं तर कोणत्या हालचालीने काय झालं ते कसं जोडणार? आम्हालाही हे अंतर होतं. फक्त आमच्या शेजारी कुणी ना कुणी उभं असायचं, जे मधल्या वेळात यंत्राच्या वतीने बोलायचं. यंत्र मुकं होतं, भोवतालची माणसं मुकी नव्हती. आता यंत्र तेच आहे आणि ती माणसं पांगली.

तिने फिल्मचा तो तुकडा खिडकीपाशी धरून विचारलं होतं, "फोटो इथे असते तर दिसले असते का?" दिसले नसते. उजेड पडलेल्या फिल्मवर धुण्याआधी डोळ्याला काहीच दिसत नाही. चांदीच्या क्षाराच्या एकेका कणावर चांदीचे मोजके अणू सुटे होतात, इतकंच घडतं. धुताना त्या मोजक्या अणूंच्या आधाराने अख्ख्या कणाची चांदी होते, तेव्हा कुठे चित्र दिसू लागतं. म्हणजे काढलेला आणि न काढलेला रोल बघून ओळखता येत नाही. पुष्कळ घरांत असे न धुतलेले रोल पडून असतात. त्यात काय आहे ते बघावं म्हणून कुणी फिल्म बाहेर ओढली तर आत जे होतं ते तिथेच संपतं. ओढणाऱ्याची जिज्ञासा खरी असते. फक्त फोटो आधी अदृश्य असतो ही गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नसते.

पुन्हा पहिल्यापासून

दुसऱ्या रोलची खराब झालेली फिल्म धुऊन आली होती. एक जुना, मुदत उलटलेला रोलही घरात सापडला. तो सरावासाठी घेतला. मी ठरवलं की मी दाखवणार नाही. ती करेल आणि हाताला काय लागतंय ते बोलून दाखवेल. मी फक्त ऐकायचं.

पहिल्या तीन वेळा ती बघत बघत घालत होती. चौथ्यांदा मी तिला डोळे मिटायला सांगितलं. ती बोलू लागली. "टोक खाचेत गेलंय. आता ओढते. दाते लागले, बारीक कुरकुर लागतेय. झाकण. आता चावी... चावी आधी मोकळी फिरतेय, आता अडली. हे काय?" ढिलेपणा निघाला की चावी अशी अडते. "मग याला ताण घेणं म्हणूया," ती म्हणाली. मी आयुष्यभर तो ताण घेत आलोय आणि त्याला नाव नव्हतं.

आम्ही झाकण उघडं ठेवूनही एकदा पूर्ण रोल सरकवला, फिल्म कशी जाते ते बघायला. एका फ्रेमला आठ भोकं पुढे जातात, हे तिने मोजून काढलं. मग मुद्दाम टोक खाचेत अर्धवट घालून झाकण लावलं, तिची पहिली चूक जशीच्या तशी, आणि लिव्हर ओढून बघायला सांगितलं. चांगला बसलेला रोल आणि सुटलेला रोल, आलटून पालटून, पाचसहा वेळा. शेवटी तिने मला कॅमेरा दिला आणि म्हणाली, "बघ, सुटलेला असला की ओढीच्या शेवटी हलकं होतं. बसलेला असला की शेवटपर्यंत तेवढंच जड." मी ओढून पाहिलं. खरं होतं. हा फरक माझ्या हाताला असणारच, पण तो नेमका ओढीच्या शेवटी असतो हे मला तिने सांगितल्यावर कळलं.

मग रोलचा शेवट. लिव्हर अडली की थांबायचं, जोर लावायचा नाही, झाकणाला हात लावायचा नाही, तळाचं बटण, मग चावी. चावी बाणाच्या दिशेने फिरवत राहायची. बराच वेळ ती सारख्याच ओझ्याने फिरते, मग एक हलका झटका लागतो आणि चावी एकदम सैल पडते. फिल्मचं टोक रिळावरून सुटलं. तिथेच थांबलं तर टोक डबीबाहेर राहतं. हे तिने दहाबारा वेळा केलं आणि दर वेळी त्या झटक्याला "सुटली" म्हणायची.

यात आमची एक अख्खी दुपार गेली. पहिल्या दिवशी, खोकी बांधताना, दहा मिनिटं दिली असती तरी पुरली असती.

तिने एका जाड कागदावर चार ओळी लिहून कॅमेऱ्याच्या चामडी कव्हरच्या आत चिकटवल्या आहेत. काटा फिल्म मोजत नाही. ओढताना डावीकडे बघ. अडली तर रोल संपला, मोडलं नाही. आधी तळाचं बटण. पुस्तिकेत यातल्या दोन गोष्टी आहेत, त्याही वेगवेगळ्या पानांवर. कागदाच्या खाली तिने तारीख घातली आहे.

आता पहिल्या रोलविषयी. तो वाया गेला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण फिल्म हललीच नव्हती, म्हणजे तिला उजेडही लागला नव्हता. बाहेरचं टोक सोडलं तर आतली सगळी फिल्म कोरी होती. हेही भाचीच्याच लक्षात आलं. "मामा, मग तो रोल चालेल ना?" चालणार होता. वाकलेलं टोक तिने कात्रीने सरळ कापलं आणि तीच डबी पुन्हा भरली. झाकण उघडं ठेवून एक ओढ. झाकण. ताण. दोन ओढी, आणि दोन्ही वेळा चावी फिरली. तिने ती मला दाखवली नाही, स्वतः पाहिली आणि कॅमेरा गळ्यात घातला.

त्या रोलवरची पहिली फ्रेम फाटकाबाहेरून काढलेली आहे. घरात आता दुसरी माणसं राहतात, आत जाता येत नव्हतं. वरच्या खिडकीला नवा पडदा आहे आणि पायरीवर कुणाच्यातरी लहान चपला. आई तिच्या शेजारी उभी होती, पण ती फ्रेममध्ये नाही, फक्त फाटकावर पडलेली तिची सावली आलीय. अशा सदतीस निघाल्या. अडतिसाव्याला लिव्हर अर्ध्यात थांबली. मी चार पावलांवर होतो. भाचीने हात काढून घेतला, कॅमेरा उलटा केला, तळाचं बटण दाबलं आणि चावी फिरवायला लागली. बराच वेळ फिरवत होती. मग थांबली आणि हळूच म्हणाली, "सुटली."